तळटिपेतलं गाऱ्हाणं

त्या मंगळवारी समुद्र ताटलीत गार झालेल्या पेजेसारखा निपचित पडला होता, तरीही दोन्ही किनाऱ्यांवरच्या सरकारी वह्यांमध्ये वादळ झालं.

झालं असं, की सकाळी नऊच्या सुमारास किनमेन बेटावरच्या पेइआओ गावच्या त्साई शिगेंगला, म्हणजे गावाच्या आ-गेंगला, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गस्तीपथकानं बोटीसकट धरून नेलं. गावातला आ-शुई तिथून हाकेच्या अंतरावर जाळं ओढत होता. त्यानं हे पाहिलं, जाळं तसंच पाण्यात सोडलं आणि तडक शिगेंगच्या बहिणीच्या अंगणात येऊन उभा राहिला. बीलान कालवं फोडत बसली होती.

"आ-लानताई, आ-गेंगला नेलं."

"कुठे नेलं?"

"कुठे म्हणजे काय? पलीकडे."

"पण तो रेषेच्या आत होता ना?"

"ताई, समुद्रावर कुणी खडूनं रेघ ओढून ठेवलीय का? आज मासळी त्या बाजूला होती. हा मासळीमागे गेला."

बीलाननं सुरी धुतली, पुसली, फोडलेल्या कालवांवर झाकण ठेवलं आणि थिएनहू काकांच्या घराकडे निघाली. किनमेन बेटावरचा माणूस पलीकडे नेला गेला तर घरचे पोलिसांत जात नाहीत. पोलीससुद्धा थिएनहू काकांकडेच जातात.

यांग थिएनहू काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. गावातल्या माझू देवीच्या देवळाच्या समितीचे ते अध्यक्ष, आणि याखेरीज त्यांना जगात कुठलंही पद नव्हतं. पण समुद्राच्या त्या देवीची एक थोरली बहीण पलीकडच्या किनाऱ्यावरच्या देवळात बसते, आणि तिथल्या समितीत लिन नावाचे एक गृहस्थ आहेत. दर दोन वर्षांनी धाकटी थोरलीला भेटायला फेरीबोटीनं जाते. देवीचं तिकीट काढावं लागतं. ते पूर्ण काढायचं की अर्धं, या वादातून एकोणीस वर्षांपूर्वी काका आणि लिन यांची मैत्री झाली. तेव्हापासून पलीकडे अडकलेला प्रत्येक कोळी याच मैत्रीच्या जोरावर घरी आलेला होता.

काकांनी बीलानला बसायला सांगितलं, चहा ओतला आणि फोन लावला. आवाज मोठा ठेवला, तिलाही ऐकू यावा म्हणून.

"लिन भाऊ, जेवलात का?"

"जेवलो. तुम्ही?"

"जेवलो. आमच्याकडे सकाळी फार वादळ झालं हो."

 खिडकीबाहेर काकांच्या बायकोनं वाळत घातलेली चादर हलतसुद्धा नव्हती.

"असं का? मग आमच्याकडेही झालंच असणार. विचारून सांगतो."

वीस मिनिटांनी फोन वाजला.

"झालं म्हणतात. भयंकर होतं. एक बोट वाहत आलीय आमच्याकडे."

"अरेरे. आणि माणूस?"

"एकच आहे. धट्टाकट्टा आहे. शेवया विकतो म्हणतो. हौस म्हणून मासे धरतो."

काकांनी बीलानकडे पाहिलं. बीलाननं चहाच्या पेल्यात पाहिलं.

"हो हो," काका म्हणाले, "शेवयाच विकतो. कालवं घातलेल्या. फार छान करतो."

"हवा सुधारायला पंधरा दिवस लागतील असं म्हणतात."

"लागू द्यात. तुमच्याकडे ती शेंगदाण्याची मऊ मिठाई संपली असेल ना? पाठवतो."

फोन ठेवल्यावर काकांनी दार लोटून घेतलं.

"आ-लान, नीट ऐक. आ-गेंग काय करतो?"

"शेवया विकतो."

"आणि मासे धरायला लागला त्याच्या आधी बारा वर्षं काय करत होता?"

 आधी बारा वर्षं शिगेंग गावामागच्या टेकडीवरच्या रडारवर सार्जंट होता. चार वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली, कारण त्याच्या मते बारा वर्षं दुसऱ्यांच्या बोटी ठिपक्यांसारख्या बघितल्यावर माणसाला स्वतःचा एक ठिपका असावासा वाटतो.

"काय करत होता?" काकांनी पुन्हा विचारलं.

"शेवया विकत होता."

"शाब्बास. वाट चुकलेला कोळी म्हणजे हवामानाचा विषय असतो, तो परत येतो. टेकडीवरचा सार्जंट पलीकडे सापडला की त्याची फाईल उघडते. आणि फाईल घरी जेवायला येत नाही. त्यांना टेकडी कळता कामा नये. देवळात बोल, घरात बोल, पण टेकडी गिळून टाक."

बीलाननं गिळली. आईबाप गेल्यापासून घरात ही दोन भावंडंच होती. शिगेंगला नेलं त्या दिवसापासून ती तांदूळ एकटीपुरतेच घालायची आणि पातेलं मात्र दोघांचंच वापरायची.

*

आठवड्याभरात साता समुद्रापलीकडच्या मोठ्या देशाच्या संसदेनं एक कायदा केला. त्याचं नाव इतकं लांब होतं की बातम्या सांगणारी बाई मध्ये श्वास घ्यायला थांबली. छोट्या भागीदाराच्या सुरक्षेला आणि आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठेला पाठबळ देण्याबाबतचा असा काहीतरी तो कायदा होता. शस्त्रं वेळेवर पाठवावीत, जागतिक बैठकांत भागीदाराला खुर्ची मिळावी, निदान खुर्ची मागितली जावी, असं त्यात होतं.

देवळाच्या ओट्यावर गावातली मंडळी टीव्हीभोवती जमली होती.

"भागीदार म्हणजे आपण का रे?" आ-शुईनं विचारलं.

"भागीदार म्हणजे तैवान," कुणीतरी म्हणालं.

मग सगळे थोडे हिरमुसले. किनमेनवर राज्य तैवानचंच, तरी राजधानी तैपेईला जायचं झालं की इथली माणसं 'तैवानला जाऊन येतो' असं म्हणतात. विमानाला तासभर लागतो. पलीकडचा शत्रू मात्र फेरीबोटीनं अर्ध्या तासावर. आजवर परदेशी कागदांत बेटं मोजताना ते लोक जी मोठी दिसतात ती मोजत आणि दमून थांबत.

पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, की या वेळी किनमेनही आहे. पान एकोणचाळीस, तळटीप चौदा: भागीदार या शब्दात आजूबाजूची लहान बेटंही धरावीत.

गावाला भरून आलं. सरपंचांनी कापडी फलक करून घेतला आणि गावाच्या कमानीवर लावला: 'तळटीप क्रमांक चौदामध्ये आपले सहर्ष स्वागत.' खाली सरपंचांचा फोटो. कौलियांग दारूची बाटली फुटली. एका म्हाताऱ्यानं शंका काढली, की बाकीच्या तेरा तळटिपांत कोण आहे? कुणाला माहीत नव्हतं. पण आपल्यापुढे तेराच जण आहेत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट होती.

बीलान ओट्याच्या कडेला उभी राहून सगळं ऐकत होती. तिला खुर्चीत रस नव्हता. पंधरा दिवस उलटले होते.

"काका, लिनसाहेब काय म्हणतात?"

"हवा सुधारतेय म्हणतात."

अठराव्या दिवशीही सुधारतच होती. पलीकडे कसलीशी बैठक होती. विसाव्या दिवशी सुट्टी होती. बाविसाव्या दिवशी तिथला अधिकारी बदलला आणि नव्याला वादळाची सवय नव्हती, त्याला ते आधी समजावून सांगावं लागणार होतं.

तेविसाव्या दिवशी जिल्हा कार्यालयातून श्यू मॅडम आल्या. वय एकोणतीस, तैपेईहून बदलून आलेल्या, हातात कायम गरम पाण्याची बाटली. बेटावरच्या वाऱ्यानं त्यांचं डोकं दुखायचं, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. माणूस म्हणून फार चांगल्या. पुढे जे झालं त्यात वाईट माणूस एकही नव्हता, त्यामुळे नंतर शिव्या कुणाला द्यायच्या हा गावापुढे मोठा प्रश्न पडला.

"ताई," श्यू मॅडम बीलानला म्हणाल्या, "त्या मोठ्या देशाचे एक लोकप्रतिनिधी येतायत. कायदा त्यांनीच मांडला. त्यांना सामान्य माणसाला भेटायचंय. तुमच्या भावाचं माझ्या कानावर आलंय. कायद्यात कलम नऊ आहे. असं धरून नेलेल्यांची नावं प्रत्येक व्यासपीठावर घेतली जावीत, असं त्यात लिहिलंय."

थिएनहू काका शेजारीच होते. "नावं घेतली की माणसं सुटतात?"

"दबाव येतो, काका."

"कुणावर?"

श्यू मॅडमनी फाईल उघडली, दोन पानं उलटली, बंद केली. "आंतरराष्ट्रीय दबाव असतो तो."

"पोरी, मी एकोणीस वर्षांत एकतीस माणसं परत आणली. एकाचंही नाव कुणी कुठे घेतलं नाही. नाव नसतं म्हणून तर येतात! तो तिकडचा अधिकारी काय सोडतो? वादळात सापडलेला माणूस सोडतो. उद्या टीव्हीवर फोटो आला, तर त्याला वरून फोन येणार, की काय रे, तुझ्याकडे म्हणे एक आहे?"

"पण काका, तेवीस दिवस झाले," बीलान हळूच म्हणाली.

काकांनी बोटांवर दिवस पुन्हा मोजले, तेवीसच भरले. 

त्या दुपारी बीलाननं देवीला कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी ओंजळीत धरायच्या, प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर टाकायच्या. एक पालथी, एक उताणी पडली तर देवी हो म्हणते. दोन्ही पालथ्या म्हणजे नाही. दोन्ही उताण्या पडल्या तर देवी हसली, उत्तर दिलं नाही. बीलाननं विचारलं, त्या परदेशी माणसासमोर उभी राहू का? देवी हसली. पुन्हा टाकल्या. हसली. तिसऱ्यांदाही.

"काका, देवी फारच खुशीत आहे," तिनं येऊन सांगितलं.

"खुशीत नाही गं. प्रश्न चुकला की हसते ती."

"मग बरोबर प्रश्न कोणता?"

"ते कळलं असतं तर देवळाची काय गरज होती?"

शेवटी तोडगा निघाला. बीलान उभी राहील, पण फोटो धरणार नाही, नाव घेणार नाही. फक्त एक वाक्य म्हणेल: माझा भाऊ घरी यावा. बस. श्यू मॅडमनी तिच्याकडून ते वाक्य चाळीस वेळा म्हणून घेतलं. काकांनीही एकदा घेतलं, खात्रीसाठी.

"भाऊ काय करतो, असं विचारलं तर?"

"माझा भाऊ घरी यावा."

"तुम्हाला कायदा कसा वाटला, विचारलं तर?"

"माझा भाऊ घरी यावा."

"जेवलात का, विचारलं तर?"

"काका, पुरे."

*

लोकप्रतिनिधी आले ते दोन गाड्या, एक दुभाषी मुलगी आणि सात कॅमेरे घेऊन. माणूस इतका उंच होता की देवळाच्या दारातून वाकून यावं लागलं, आणि गावकऱ्यांना वाटलं तो नमस्कार करतोय, म्हणून सगळ्यांनी उलट नमस्कार केला. मग त्यानं खरंच नमस्कार केला. हे थोडा वेळ चाललं.

कार्यक्रम देवळाच्या अंगणात व्हायचा होता. पण वारा सुटला, फलक फडफडून माइकवर आदळू लागला, तेव्हा सरपंचांनी पाहुण्यांना आत, गाभाऱ्यासमोर घेतलं. आत आल्यावर पाहुण्याच्या हातात तीन उदबत्त्या देणं आलंच. त्यानं त्या दोन्ही हातांनी छातीशी धरल्या. कॅमेऱ्यांना चेहरा नीट दिसेना, म्हणून कुणीतरी त्याला हलकेच फिरवलं. तो आता देवीकडे पाठ करून, बीलानकडे तोंड करून उभा होता.

बीलानच्या दृष्टीनं सांगायचं तर, समोर धूर. धुरामागे उंच, गोरा, गंभीर चेहरा. त्यामागे देवीचा सोन्याचा मुकुट, आणि तो नेमका त्या माणसाच्या डोक्यावर बसल्यासारखा दिसत होता. हातात उदबत्त्या. आणि त्या चेहऱ्यानं हळू, मऊ आवाजात काहीतरी विचारलं, आणि दुभाषी मुलीनं तितक्याच मऊ आवाजात सांगितलं:

"सांगा बाई. काय हवंय तुम्हाला?"

आता गाऱ्हाणं कसं घालायचं हे पेइआओमध्ये पोराला बोलायच्या आधी शिकवतात. नुसतं 'माझ्या भावाला सुखरूप ठेव' म्हणून भागत नाही. देवीकडे दिवसाला हजार गाऱ्हाणी येतात, आणि बेटावर नुसते त्साई आडनावाचेच तीन गावं भरून लोक आहेत. पूर्ण नाव सांगायचं. चांद्र पंचांगानं जन्मतिथी, जन्मवर्षाचं जनावर, वेळ. घर, गल्ली. काय करतो, आधी काय करायचा. देवी भलत्याच घरी जाऊ नये म्हणून. बीलानच्या आईकडून एकदा घाईत गल्ली सांगायची राहून गेली होती, आणि तिचा संधिवात बरा व्हायच्या ऐवजी शेजारणीचा झाला. ही गोष्ट घरात चाळीस वर्षं सांगितली जात होती.

बीलानचे हात आपोआप जुळले. डोळे मिटले.

"मी त्साई बीलान. पेइआओ, विहिरीची गल्ली, घर सतरा. माझा भाऊ त्साई शिगेंग. वय एक्केचाळीस. डुकराच्या वर्षी, नवव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी, पहाटे जन्मलेला..."

थिएनहू काका खोकले.

"...बोटीचा क्रमांक सातशे बेचाळीस. पूर्वी गावामागच्या टेकडीवर रडारवर बारा वर्षं सार्जंट होता..."

काका इतक्या जोरात खोकले की श्यू मॅडमनी त्यांच्यापुढे आपली गरम पाण्याची बाटली धरली.

"...तिसऱ्या पाळीचा प्रमुख होता, दोनदा पदक मिळालं. आता मासे धरतो. गेल्या महिन्यापासून पलीकडे आहे. माझा भाऊ घरी यावा."

वाक्य मात्र तिनं अगदी ठरल्याप्रमाणे म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा देवळात कुणी हलत नव्हतं. कॅमेऱ्यांचे बारीक लाल दिवे तेवढे लागलेले होते. दुभाषी मुलगी भलतीच हुशार निघाली. तिनं डुकराचं वर्षसुद्धा सोडलं नाही. पाहुण्याचे डोळे पाणावले. उदबत्तीचा धूरही असेल. त्यानं दुसऱ्याच्या हाती उदबत्त्या दिल्या, खिशातून छोटी वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. पदकाचं दोनदा विचारून घेतलं.

"ते म्हणतायत," दुभाषी मुलगी म्हणाली, "हे नाव मी माझ्या संसदेत उभं राहून घेईन. वचन देतो."

"नको," बीलान म्हणाली.

"ती फार भारावलीय," श्यू मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, आणि तेवढ्यात बाहेर सरपंचांनी फटाके लावले.

*

त्यानं वचन पाळलं. मोठ्या देशाची माणसं वचनं पाळत नाहीत असं जे म्हणतात, त्यांनी किनमेनला यावं. आठ दिवसांनी तो आपल्या संसदेत शिगेंगचा दारापेक्षा मोठा फोटो घेऊन उभा राहिला. सैन्यातला फोटो होता, छातीवर दोन पदकं. तो त्याला कुणी दिला हे अजून कळलेलं नाही. टीव्हीवर ते दिसलं तेव्हा आ-शुईच्या हातातला घास हातातच राहिला.

थिएनहू काकांनी पलीकडे फोन लावला. पहिल्या दिवशी कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी लिन यांनी उचलला. बीलान शेजारी बसली होती.

"लिन भाऊ, जेवलात का?"

"जेवलो."

"ते वादळाचं काय झालं हो?"

"इकडे हवा फार छान आहे," लिन म्हणाले.

"आज असेल. मी गेल्या महिन्याचं म्हणतोय."

"गेल्या महिन्यातही छान होती. वर्षभर छानच आहे."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला वेगळं ऐकू येईल.

"लिन भाऊ, एकोणीस वर्षं झाली आपल्याला."

"यांगसाहेब," लिन म्हणाले. एकोणीस वर्षांत त्यांनी काकांना साहेब कधी म्हटलं नव्हतं. "इथे आता सगळ्यांना हवा छान वाटते. तब्येतीला जपा. ती मिठाई पाठवत जाऊ नका, मला साखर झालीय."

फोन ठेवला गेला. 

"काका, शिव्या द्या मला."

"देऊन काय करू? तू गाऱ्हाणंच घातलंस. चुकीच्या दाराशी घातलंस, एवढंच. मी तिथे उभा होतो, मला नुसतं खोकता आलं."

"मोठ्यानं ओरडला असतात तर?"

"हो. रोज तेच मनात येतं."

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या टीव्हीवर शिगेंग दिसला. केस अगदी बारीक कापलेले, अंगावर त्याचा नसलेला राखाडी शर्ट. खाली पट्टी होती: स्वतःला शेवया विकणारा म्हणवणाऱ्या माजी रडार अधिकाऱ्याची चौकशी सुरू. त्याला सार्जंटवरून एकदम अधिकारी केलं होतं. बारा वर्षांत आपल्या सैन्यानं त्याला जी बढती दिली नाही ती पलीकडच्यांनी एका पट्टीत दिली.

मग श्यू मॅडम आल्या. त्यांच्या हातात काचेच्या चौकटीत बसवलेला एक कागद होता. कायद्याखालचा पहिला अहवाल, त्यातलं एक पान. श्यू मॅडमचे डोळे सुजले होते.

"ताई, हे तुम्हाला द्यायला सांगितलंय. कलम नऊखाली पहिलं नाव तुमच्या भावाचं आहे. तळटिपेत नाही, वर, मजकुरात आहे."

"घर क्रमांकपण टाकलाय?"

"टाकलाय."

"गल्ली?"

"विहिरीची गल्ली. हो." श्यू मॅडमनी बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "ताई, आता निदान सगळं जग त्याला ओळखतं. त्यांना त्याला काही करता येणार नाही."

"आणि सोडता?"

 श्यू मॅडम रडायला लागल्या, आणि बीलानला उठून त्यांच्यासाठी चहा करावा लागला. निघताना त्या म्हणाल्या, बदलीचा अर्ज केलाय. बीलान म्हणाली, कुठेही जा, पण डोकं झाकत जा, वारा वाईट.

चौकट कुठे लावायची हे तिला समजेना. भिंतीवर आईबापांचे फोटो होते, आणि त्या रांगेत फक्त गेलेली माणसं लावतात. तिनं ती कपाटामागे भिंतीशी उभी करून ठेवली.

*

चौथ्या महिन्यात फोन आला. कुठल्यातरी मदत संस्थेमार्फत, तीन मिनिटं, दुपारी दोन वाजता. बीलान सकाळपासून फोनसमोर बसून होती. काका आणि आ-शुई बाहेर अंगणात उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"ताई."

"आ-गेंग! जेवलास का?"

"जेवलो. माझी प्रकृती उत्तम आहे. मला कायद्यानुसार वागणूक मिळते आहे. इथले अधिकारी दयाळू आहेत." तो वाचत होता. शाळेतसुद्धा वाचताना तो असाच प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणायचा. "माझ्या चुकांची मला जाणीव झाली आहे. परकीय शक्तींनी माझ्या नावाचा वापर करू नये, अशी माझी विनंती आहे."

मग कागद उलटल्याचा आवाज आला. बहुधा मागची बाजू कोरी होती.

"ताई, एक विचारू? इथे मी दीड महिना शेवया विकत होतो. रोज विचारायचे, रोज सांगायचो. पीठ कसं मळतात, तेही सांगितलं. एकाला तर करून खायला घातल्या. त्याला आवडल्या. सोमवारी सोडतो म्हणाले होते. कपडेही परत दिले होते. आणि शनिवारी एकदम टेकडीचं विचारायला लागले. तिसऱ्या पाळीचं. पदकांचं."

बीलाननं फोन घट्ट धरला. अंगणात काका आ-शुईला काहीतरी सांगत होते, ते सांगता सांगता थांबले.

"कुणी सांगितलं, काही कळलं का गं?"

सरपंचांचं नाव घेता आलं असतं. दुभाषी मुलीचं घेता आलं असतं, ती आता कुठे असेल कोण जाणे. त्या उंच माणसाचं तर सहज घेता आलं असतं, त्याला चाललंही असतं, त्याचा तो धंदाच होता.

"मी," बीलान म्हणाली.

फोनवर कुणीतरी खुर्ची सरकवली.

"मी सांगितलं, आ-गेंग. देवळात. तू परत यावास म्हणून. सगळं सांगितलं."

 त्याचा श्वास ऐकू येत होता. तीन मिनिटांमधलं किती संपलं असेल याचा तिला अंदाज येईना, आणि उरलेल्यात काय बोलायचं हेही. माफ कर म्हणावं, तर ऐकणारे आणखी कोण कोण होते. शेवटी तोच बोलला, आणि आवाज रोजचा होता, जसा तो सकाळी निघताना दारातून बोलायचा.

"ताई, मागच्या पडवीत नवी जाळी आहेत ना, निळी? दोन्ही आ-शुईला देऊन टाक."

"अरे, न वापरलेली आहेत ती."

"म्हणूनच. पडून राहिली तर उंदीर लागतील."

"उंदीर कशाला लागतील? औषध टाकते मी. वर्ष-दोन वर्षं काही होत नाही त्यांना."

"माहीत आहे मला," शिगेंग म्हणाला. "देऊन टाक."

फोन बंद झाला.

बीलान उठली, मागच्या पडवीत गेली, आणि दोन्ही जाळी ओढत अंगणात घेऊन आली. आ-शुई धावत पुढे आला, पण तिनं हात लावू दिला नाही. स्वतः उलगडली, गाठी तपासल्या, कडेचं शिसं नीट बसलंय का ते बोटांनी चाचपून पाहिलं.

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

"आ-शुईला द्यायला सांगितलीत."

आ-शुईनं काकांकडे पाहिलं. काकांनी जमिनीकडे.

"ताई, मी वापरत नाही. नुसती ठेवतो माझ्याकडे. आ-गेंग आला की..."

"वापर," बीलान म्हणाली. "उद्याच टाक पाण्यात. आणि जास्त लांब जाऊ नकोस."

मग तिनं जाळ्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघांनी त्याची घडी घालायला घेतली.